पिण्याच्या वेळेची मीटिंग

एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेच्या मीटिंगला बाहेर पाटी नसते. असलाच तर आत फळ्यावर एक कापडी बॅनर, तोही मीटिंग चालू असेपर्यंत. संपली की बॅनर गुंडाळून कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गात पोरं बे एके बे म्हणत बसतात. त्यामुळे कराडसारख्या गावात, जिथं कोण कुणाचा साडू हे सगळ्यांना पाठ असतं, मीटिंग कुठं भरते हे विचारायचं कुणाला, हाच पहिला पेच. ज्याला विचारू त्याला आपलं गुपित कळणार. अर्थात ते गुपित आहे असं माझ्याशिवाय कुणालाच वाटत नव्हतं. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी चारनंतर मी मोजून दिलेले स्क्रू गिऱ्हाईक घरी जाऊन पुन्हा मोजायचं, हे मला फार उशिरा कळलं.

मीटिंगपर्यंत पोचायच्या आधी आमच्याकडं जे जे करतात ते सगळं करून झालं होतं. मामांनी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घातली. माळेबद्दल मी वाकडं बोलणार नाही. आमच्या आळीतल्या दोघांची माळेनं सुटली ती सुटलीच. माझी आषाढीची माळ दिवाळीपर्यंत टिकली. श्रावण मात्र मी दरवर्षी पाळायचो, आणि श्रावण पाळता येतो म्हणजे आपण दारुडे नाही, हा माझा आवडता पुरावा होता. गटारीला इतकी ढोसायची की पुढचा आठवडाभर वाससुद्धा नको वाटावा, ही बाब मी पुराव्यात धरत नसे. मग एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचून बायकोनं 'पेशंटच्या नकळत' द्यायची पुडी आणली आणि आमटीत कालवली. पुढं डॉक्टरांना हे समजलं तेव्हा ते तिच्यावर चांगलेच चिडले. पुडीत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. आत डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि माणसाला न सांगता दिलं, तर वरून दारू पडल्यावर छाती धडधडते, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पण घेणाऱ्याला सांगून, समजावून.

डॉक्टरांकडं मी गेलो ते सोडायची म्हणून नव्हे, हात थरथरतात म्हणून. त्यांनी ॲडमिट करून घेतलं. इथं एक सांगून ठेवतो, कारण 'उद्यापासून बंद' म्हणणारे वीर घरोघरी असतात. बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतात. मला भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसत होती आणि त्या माझ्या दुकानातल्या खिळ्यांच्या खोक्यात शिरतायत याची खात्री होती. बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, झोपेची औषधं आणि चोवीस तास लक्ष, यांतून ते उतरलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता एएला जा." कुठं भरते, असं विचारलं तर म्हणाले, "कराडात आहे एवढं ऐकलंय. बघा शोधून."

नेटवर एक यादी सापडली. त्यातला पहिला नंबर अस्तित्वात नव्हता. दुसरा लागला, पण उचलणारा गृहस्थ ठाण्याहून बोलत होता. पूर्वी कराडला नोकरीत होता, बदली होऊन गेला, नंबर यादीत तसाच राहिला. मी चुकीच्या जागी लागलो म्हणून ठेवायच्या बेतात होतो, तर म्हणाला, "ठेवू नका, ठेवू नका. तुम्ही कुठून बोलताय? आज घेतलीय का?" नाही म्हटल्यावर तो खूश झाला, जसा काही मी त्याचा सख्खा भाऊ. कराडातल्या एकाचा नंबर त्याच्याकडं होता, पण लगेच दिला नाही. आधी त्या माणसाला विचारतो, मग देतो, म्हणाला. दहा मिनिटांनी परत फोन करून आकडे सांगितले. मी ते लिहायला कागद शोधत होतो, तर बायकोनं स्वयंपाकघरातून कालनिर्णय आणून पुढं धरलं. गॅसची टाकी कधी लावली ते लिहितो त्याच्या खाली, पेन्सिलीनं, तोच नंबर.

तिनं बऱ्याच महिन्यांपूर्वी फोन केला होता. तिकडच्या माणसानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, त्यांनी स्वतः केला तर बरं. आम्ही ओढून आणत नाही कुणाला." तिला तेव्हा रागच आला. आता मलाही मीटिंगमधून असे फोन येतात आणि मीही तेच सांगतो. ओढून आणलेला माणूस दाराजवळ बसतो आणि चहाच्या वेळेला गायब होतो.

ज्यांना नेटवर काही सापडत नाही त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आहे आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस 14416. दोन्ही फुकट. जिल्ह्यात व्यसनमुक्ती केंद्र असेल तर तिथंही विचारावं, त्यांना आसपासचे ग्रुप माहीत असतात. आमच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे, पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण'. केंद्र आणि एए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावं. केंद्रात डॉक्टर, समुपदेशक असतात. एएत फक्त पिणारे, म्हणजे पूर्वी पिणारे. तिथं औषध मिळत नाही, कुणी तपासत नाही, रजिस्टरवर सही नसते, फी नसते.

तर मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ रिटायर्ड एसटी कंडक्टर. नाव लिहीत नाही. आपण त्यांना कंडक्टरच म्हणू. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दुकानात येऊ, का बाहेर भेटायचं?" बाहेर, म्हटलं. कोल्हापूर नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी भेटायचं ठरलं. ते एकटे आले नाहीत, बरोबर एक तरुण पोरगा होता. नव्या माणसाला भेटायला दोघांनी जायचं अशी त्यांच्यात पद्धत आहे. कंडक्टरांनी चहावाल्याला सांगितलं, "दोन फुल, आणि ह्यांना अर्धाच भर." मला वाटलं पैसे वाचवतायत. कप हातात घेतला तेव्हा उमगलं. फुल कप असता तर निम्मा माझ्या शर्टावर आला असता. त्यांनी माझ्या हाताकडं पाहिल्याचंही मला दिसलं नव्हतं.

किती पिता, कधीपासून पिता, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. स्वतःचंच सांगत बसले: तिकिटाचे पैसे, सस्पेन्शन, मुलीच्या साखरपुड्यात काय केलं. सांगण्यात रडगाणं नव्हतं, उलट मध्येमध्ये हसत होते. मग त्यांनी एएचा जन्म सांगितला, तोही डेपोतल्या गप्पा सांगाव्यात तसा. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. न्यूयॉर्कचा बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला तिथं आलेला, काम फिसकटलेलं. काही महिने दारू सुटलेली, पण हॉटेलच्या लॉबीत उभं राहिल्यावर बाजूच्या बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज ओढायला लागला. दुसऱ्या बाजूला फोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्यानं एकेक नंबर फिरवायला सुरुवात केली: मला या गावातला एखादा दारुडा भेटवा. त्याला मदत मागायची नव्हती, दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं, कारण तसं बोललं की आपली तलफ उतरते असं त्याच्या ध्यानात आलं होतं. फिरून फिरून त्याची गाठ पडली डॉ. बॉब नावाच्या सर्जनशी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही अशा बोलीवर आलेला डॉक्टर कित्येक तास उठला नाही. त्या डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 ला, आणि तोच एएचा वाढदिवस धरतात.

"म्हणजे बघा," कंडक्टर म्हणाले, "मी हितं तुमच्यासाठी न्हाई आलो. माझ्यासाठी आलोय." तेव्हा मला हा नम्रपणा वाटला होता. तो हिशोब होता.

आता मीटिंग कुठली धरायची? कराडात आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, नगरपालिकेच्या एका शाळेत. मी म्हटलं, इथं नको, सगळे ओळखतात, मी साताऱ्याला जातो. कंडक्टर हो म्हणाले, वाद घातला नाही. साताऱ्याची मीटिंग चांगली होती, माणसं चांगली, मला ओळखणारं कुणी नाही. अडचण होती ती परतीची. रात्री नऊनंतर स्टँडवर गाडीची वाट बघत उभं राहायचं, एकटं, खिशात पैसे, मन मीटिंगमध्ये ऐकलेल्या गोष्टींनी ढवळून निघालेलं, आणि रस्त्यापलीकडं परमिट रूमचा हिरवा दिवा. मीटिंग ऐकून बाहेर पडलेला माणूस किती मऊ झालेला असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा गाडी चुकली तेव्हा मी कंडक्टरांना तिथूनच फोन लावला. ते बोलत राहिले, पुढची गाडी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुकानात आले आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले.

"तू प्यायचास किती वाजता?"

"दुकान बंद केल्यावर. आठ, सव्वाआठ."

"आणि सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा?"

"दुपारपासनं."

"मग आठ वाजता तू कुठं असायला पायजेस ते बघ. गाव कुठलं ते नंतर बघू."

मला एएमध्ये मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सर्वांत उपयोगी, आणि तो कुठल्या पुस्तकात नाही. लोक मीटिंग शोधतात ती जवळची, नाहीतर लांबची. कुणी ओळखीचं नसेल अशी, नाहीतर एखादा ओळखीचा असेल अशी. खरी बघायची ती वेळ. आपल्या अंगाला जी वेळ ठाऊक आहे, त्या वेळेवर मीटिंग बसली पाहिजे, आणि दुकानापासून तिथं जायचा रस्ता कुठल्या काउंटरवरून जातो तेही बघितलं पाहिजे. कराडची मीटिंग साडेसात ते नऊ. मंगळवारी-शनिवारी सातलाच शटर ओढायचं असं ठरवलं. नेहमीच्या रस्त्यावर वाइन शॉप आहे, म्हणून मागच्या बोळातून, पिठाच्या गिरणीवरून वळसा घालून जायला लागलो. अजून तसाच जातो.

वर्ग तिसरीचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे आम्ही सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसतो. पोटं सुटलेल्यांचे हाल बघवत नाहीत. फळ्याच्या वर दोन खिळे आहेत, त्यांना बॅनरच्या दोऱ्या अडकवतात: एका बाजूला बारा पायऱ्या, म्हणजे माणसानं सुधारायचा क्रम, दुसऱ्या बाजूला बारा परंपरा, म्हणजे ग्रुप चालवायचे नियम. पहिल्या पायरीतच कबुली आहे, दारूपुढं आपण हतबल झालो आहोत आणि आपलं जगणं आपल्या हाताबाहेर गेलं आहे. सदस्य व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. ती आहे का नाही हे कुणी तपासत नाही. एक जण खुर्चीवर बसतो, प्रास्ताविक वाचतो, मग एकेक जण आपलं शेअरिंग करतो. नाव सांगायचं, नुसतं पहिलं, आणि पुढं 'मी एक मद्यपी'. बोलणाऱ्याला मध्ये कुणी तोडत नाही, नंतर सल्लाही देत नाही. मराठी माणसाला ही सर्वांत कठीण परंपरा वाटत असणार, पण पाळतात खरी.

पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या बाकावर एक प्लंबर दिसला. वर्षानुवर्षं माझ्याकडून पाइप नेणारा, बिलाची उधारी थकवणारा. माझ्या पोटात गोळा आला. तो उठून गेला नाही, हसलाही नाही, फक्त बाकावर सरकून जागा केली. त्याला सोडून काही वर्षं झाली होती आणि मला पत्ता नव्हता. गुरुवारी तो दुकानात आला. म्हटलं आता काहीतरी बोलेल. "अर्धा इंची एल्बो, सहा," म्हणाला. त्यानं मीटिंगबाहेर आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि त्याची उधारी मी आजही मागतो. दोन्ही व्यवहार वेगवेगळे चालतात.

शेवटी एक कापडी पिशवी फिरते. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे. त्यातून चहा, बिस्किटं, वर्गाचं भाडं, पुस्तिका. बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाहीत, मग तो आमदार असो नाहीतर कारखाना. नव्या माणसासमोर पिशवी आली की शेजारचा म्हणतो, "आज राहू दे." मग सगळे उभे राहून शांतीची प्रार्थना म्हणतात: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य, आणि दोन्हींतला फरक ओळखण्याचं शहाणपण.

देवाचं काय, हे बरेच जण विचारतात. पायऱ्यांत ईश्वर आहे, पण 'आपल्याला उमगलेला' अशी सोय ठेवलेली आहे. आमच्यात दोघं माळकरी आहेत, एक जण जुम्म्याला न चुकता मशिदीत जातो, आणि एक मास्तर आहेत ते उघड सांगतात, माझा देव म्हणजे ही बाकं. कुणी कुणाला वळवत नाही. मला स्वतःला त्यातलं पहिलं वर्षभर काहीच कळलं नाही आणि त्यानं अडलंही नाही.

सगळं गोड नाही. एक गृहस्थ दर वेळी तीच गोष्ट त्याच शब्दांत वीस मिनिटं सांगतात. बाहेर पायरीवर इतक्या विड्या-सिगारेटी ओढल्या जातात की शाळेच्या शिपायानं तक्रार केली होती, आणि ती बरोबर होती. बाई मी आमच्या वर्गात एकदाच पाहिली. शेवटच्या बाकावर बसली, बोलली नाही, परत आली नाही. इतक्या पुरुषांत, गावातल्या शाळेत, तिनं बोलावं तरी कसं? नंतर कळलं, ती फोनवरून ऑनलाइन मीटिंगला बसते. ऑनलाइन मीटिंग आता रोज रात्री कुठं ना कुठं असते, मराठीतही. मंगळवार-शनिवार सोडून उरलेल्या रात्री मीही बसतो. सोय मोठी आहे, पण एक सांगतो: मोबाईलवर कुणाला वास येत नाही. वर्गात बाकावर शेजारी बसलेल्याला येतो, आणि तो येईल या धाकानं माझ्या काही संध्याकाळी निभावल्या आहेत.

गटारीला मात्र वर्गच. वार कुठलाही असो, त्या दिवशी खास मीटिंग ठेवतात. बाहेर सगळं गाव मटणाच्या वासात आणि आत आम्ही पार्ले-जी चहात बुडवत. कंडक्टरांनी त्या दिवशी घरून तांबडा रस्सा करून आणला होता, भाकरीसकट, म्हणजे रश्शाला तरी कुणी मुकायला नको.

बायको अल-ॲनॉनला जाते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ही वेगळी संस्था 1951 मध्ये बिलच्या बायकोनं, लोइसनं, सुरू केली. तिकडं काय बोलतात ते ती सांगत नाही. सुरुवातीला मला वाटायचं माझ्या तक्रारी चालत असतील. एकदा विचारलंच. "अहो, तुमचा विषय फार कमी निघतो," म्हणाली. माझे खिसे तपासायचं तिनं बंद केलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं, पण आधी धसकाच बसला.

हल्ली ग्रुपच्या फोनवर दोन संध्याकाळी मी असतो. विचारणारे बहुतेक एकच विचारतात: कुणी ओळखीचं असेल का? पूर्वी मला वाटायचं, नाही म्हणावं, म्हणजे माणूस येईल. आता खरं सांगतो: असेल, हमखास असेल, आणि तोही तुम्हाला बघून तेवढाच दचकेल. दुसरं मी विचारतो: तुमची वेळ कुठली? एक जण म्हणाला, सकाळी साडेसहा, कामावर जायच्या आधी. त्या वेळेला कराडात मीटिंग नाही. मग त्याला आधी डॉक्टरांकडं पाठवलं, कारण सकाळी उठल्या उठल्या लागणारी दारू म्हणजे अंगाला सवय लागलेली असते. आणि कंडक्टर रोज सव्वासहाला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी फिरायला जाऊ लागले. दोघं प्रीतिसंगमापर्यंत चालून येतात. तो अजून वर्गात आलेला नाही. येत्या शनिवारी येतो म्हणालाय. शाळेत परीक्षा चालू आहेत, म्हणून या वेळी वर्ग बदलला आहे. मागच्या फाटकातून यायचं, डावीकडची दुसरी खोली.